वर्षभराची वाचनयादी करताय? आधी घड्याळ लावा, पुस्तकं नंतर निवडा

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी नवी कोरी वही घेऊन बसले आणि एका दमात बावन्न पुस्तकांची नावं लिहून काढली. आठवड्याला एक, हिशोब एकदम सोपा. फेब्रुवारीत मी पाच पुस्तकं मागे होते, एप्रिलपासून वही उघडायची म्हटलं की पोटात गोळा यायचा, आणि पुढे तर ती कपाटात अशी कोंबून ठेवली की दिसूच नये. वर्ष संपल्यावर हिंमत करून मोजलं तर एकूण एकोणीस पुस्तकं वाचली होती, म्हणजे काही वाईट नाही ना, पण त्यातली यादीतली फक्त सात! बाकीची बारा कुणाच्या तरी घरी दिसली म्हणून, वाचनालयात शेजारच्या फळीवर होती म्हणून, किंवा चाळता चाळता सुटेना म्हणून वाचलेली. तेव्हा कळलं की ती यादी केली होती मला जी व्हावंसं वाटतं त्या बाईने, आणि वाचत होते मी. दोघींची ओळखच नव्हती.

आता मी यादी वेगळ्या पद्धतीने करते, आणि खाली तीच सांगतेय. गणित आधी, नावं नंतर. कंटाळवाणं वाटेल पण अर्ध्या तासाचं काम आहे.

सगळ्यात आधी आपला वेग मोजा. अंदाजाने सांगू नका, खरंच मोजा, कारण आपल्याला वाटतं आपण तासाला साठ पानं वाचतो आणि प्रत्यक्षात मध्ये दोनदा फोन बघून तीसच झालेली असतात. सध्या वाचताय ते पुस्तक घ्या, वीस मिनिटांचा टायमर लावा, नेहमीसारखं वाचा (परीक्षा असल्यासारखं नाही), आणि पानं मोजा. दहा पानं झाली तर तासाला तीस. हेच एकदा कथा-कादंबरीवर करा आणि एकदा वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकावर. माझं कादंबरीला तासाला पस्तीस पान येतं आणि वैचारिकाला जेमतेम अठरा-वीस. हा फरक माहीत नसेल तर यादी तिथेच फसते.

इंटरनेटवर सरासरी वेगाचे आकडे मिळतात, ते आपल्याला लावू नका. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ साली बऱ्याच जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला, त्यात मनातल्या मनात इंग्रजी वाचणाऱ्या मोठ्या माणसांचा वेग मिनिटाला माहितीपर मजकुरासाठी साधारण २३८ शब्द आणि कथात्मक मजकुरासाठी २६० शब्द असा आला. आकडा चांगला आहे, पण मराठीत शब्द मोजण्यात काय अर्थ, आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्यांनाही’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत तेवढंच म्हणायला पाच-सहा शब्द लागतील. म्हणून शब्द नको, पानं मोजा. दोन भाषांत वाचत असाल तर दोन्हींचा वेग वेगळा मोजा, आणि जो आकडा येईल त्याची लाज वाटून घेऊ नका, तो कुणाला दाखवायचा नाहीये.

दुसरं काम म्हणजे वेळ शोधणं. इथे लोक स्वतःशी सगळ्यात जास्त खोटं बोलतात, मी पण बोलले. ‘जानेवारीपासून रोज पहाटे उठून एक तास वाचणार’ हा वेळ नसतो, ही इच्छा असते. गेल्या आठवड्यात तुम्ही खरंच कधी वाचलंत ते आठवा. झोपण्याआधी पंधरा मिनिटं? प्रवासात वीस? रविवारी दुपारी तासभर? तेवढाच वेळ धरा, फार तर त्यात थोडी भर घाला. आणि वर्षाचे आठवडे बावन्न धरू नका. एखादं आजारपण, कुणाचं लग्न, ऑफिसात आग लागल्यासारखे दिवस, हे येणारच, फक्त तारीख माहीत नसते. मी अठ्ठेचाळीस धरते.

आता करा गुणाकार. समजा तासाला तीस पानं, आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला पंचवीस मिनिटं. म्हणजे आठवड्याला १२५ मिनिटं, साधारण बासष्ट पानं, आणि अठ्ठेचाळीस आठवड्यांत जवळपास ३००० पानं. अडीचशे पानांचं एक पुस्तक धरलं तर बारा पुस्तकं. संपलं. हे तुमचं वर्ष. माझ्या त्या बावन्नच्या यादीला हेच गणित लावलं तर १३,००० पानं होतात, म्हणजे तीसच्या वेगाने रोज जवळजवळ सव्वा तास, एकही दिवस न चुकता, तापात सुद्धा. वहीत नावं लिहिताना हे कुणी सांगितलं असतं तर!

बारा हा आकडा बघून काही जणांचं तोंड उतरतं. पण खरी कमाई बारा नाही, ३००० आहे. हे तुमचं वर्षाचं बजेट. नऊशे पानांचा एखादा ठोकळा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त बजेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथे गेला हे माहीत असू द्या, बाकीच्यांसाठी २१०० उरली. पुस्तकांची संख्या हेच टार्गेट ठेवलं की काय होतं ते तुम्ही पण पाहिलं असेल, नोव्हेंबर आला की माणूस शंभर-शंभर पानांची पातळ पुस्तकं शोधायला लागतो. गुडरीड्स या पुस्तकांची नोंद ठेवायच्या साइटवर २०११ पासून रीडिंग चॅलेंज आहे, त्यात पुस्तकांची संख्या टाकायची असते, अनेकांना त्याने हुरूप येतो हे खरंय, पण ठोकळा वाचणाऱ्याचं त्यात नुकसानच. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या ॲपवर पानांचं टार्गेट ठेवता येतं, मला ते बरं वाटतं. नाहीतर वही आहेच.

आता नावं. बारा पुस्तकांची जागा असेल तर आठच लिहा आणि चार रिकाम्या ठेवा. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे आणि लोकांना हीच सगळ्यात अवघड जाते, रिकाम्या ओळी दिसल्या की हात शिवशिवतात. भरू नका. वर्षात एखादी मैत्रीण काहीतरी हातात देईल, एखादा लेखक अचानक सापडेल आणि त्याचं दुसरं पुस्तक लगेच हवंसं वाटेल, वाचनालयात कुठलंतरी मलपृष्ठ वाचून तिथेच उभ्या उभ्या वीस पानं होतील. त्या बारा आगंतुक पुस्तकांनीच माझं ते वर्ष वाचवलं होतं, तर त्यांना मुळातच जागा ठेवलेली बरी.

उरलेली आठ निवडताना पुढे बघण्याआधी मागे बघा. गेल्या वर्षी काय वाचलंत, त्यातलं काय जागून वाचलंत आणि काय पन्नाशीच्या पानावर उलटं ठेवून दिलंत ते एका कागदावर दोन रकान्यांत लिहा. मी लिहिलं तेव्हा दिसलं की मला चरित्रं आवडतात असं मी सगळ्यांना सांगत होते पण सोडून दिलेल्यात चारपैकी तीन चरित्रंच होती, आणि जागून वाचलेल्यात पत्रं, डायऱ्या, आठवणी. म्हणजे मला माणसं आवडतात पण त्यांनी स्वतः बोललेली. हे एवढं कळलं की निवड निम्मी झाली.

मग घरातलं कपाट. जपानी भाषेत सुंदोकु असा शब्द आहे, पुस्तकं आणायची आणि न वाचता रचून ठेवायची या सवयीला. शब्द एकोणिसाव्या शतकातला आहे, म्हणजे आपण काही पहिले गुन्हेगार नाही. आठपैकी तीन पुस्तकं या ढिगातूनच घ्यायची असा माझा नियम आहे. कुठली तीन हे ठरवायला प्रत्येकाचं पहिलं पान आणि मधलं कुठलंही एक पान वाचा, पहिलं पान सगळेच जीव ओतून लिहितात, मधल्या पानावर कळतं. एखादं पुस्तक चार वर्षं तुमच्याकडे बघतंय आणि तुम्ही त्याच्याकडे बघत नाही असं असेल तर ते कुणाला तरी देऊन टाका. ढीग हलका झाला की यादी पण हलकी होते.

पुढची तीन पुस्तकं एकाच विषयावरची घ्या. हे मात्र खरंच करून बघा. लोक यादी करताना एक इतिहास, एक विज्ञान, एक कादंबरी, एक प्रवासवर्णन असं सगळ्यातलं थोडं थोडं घेतात, दिसायला छान दिसतं, पण एका विषयावरचं एकच पुस्तक वाचलं की सहा महिन्यांत त्यातलं काही आठवत नाही. तेच तीन वाचली तर दुसऱ्या पुस्तकात पहिल्यातली नावं परत भेटतात, तिसऱ्यात तर तुम्ही लेखकाशी भांडायला लागता. विषय प्रश्नासारखा ठेवा. ‘इतिहास’ हा विषय नाही, तो समुद्र आहे. ‘लोक गाव सोडून शहरात का जातात’, ‘माणसाला झोप का लागते’, ‘भाषा मरते म्हणजे नेमकं काय होतं’ असा काहीतरी. तीनपैकी एक पातळ आणि सोपं असू दे जे विषयाची तोंडओळख करून देईल, एक जाडजूड आणि नीट अभ्यासलेलं, आणि तिसरं त्याच प्रश्नाभोवतीची कादंबरी किंवा आत्मचरित्र. क्रम पण हाच ठेवा. मी एकदा उत्साहात जाडं आधी घेतलं, तिथेच रुतले, बाकीची दोन उघडलीच नाहीत.

जाडं पुस्तक कुठलं घ्यायचं हे कळत नसेल तर पातळ पुस्तकाच्या शेवटी जा. संदर्भसूची असते ना, जी आपण कधीच वाचत नाही, ती त्या लेखकाची स्वतःची वाचनयादी असते. ज्या नावाचा उल्लेख पुस्तकात चार-पाच वेळा आलाय ते उचला.

राहिलेली दोन पुस्तकं दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. पण विचारायची पद्धत बदला. ‘एखादं चांगलं पुस्तक सुचव’ म्हटलं की समोरचा माणूस तुम्हाला शोभेल असं काहीतरी मोठं नाव सांगतो, जे त्याने कॉलेजात वाचलेलं असतं किंवा वाचलेलंही नसतं. त्याऐवजी विचारा, ‘अलीकडे कुठल्या पुस्तकासाठी झोप मोडलीस?’ बघा उत्तर किती वेगळं येतं. ज्याच्याशी तुमचं कधीच पटत नाही अशा माणसालाही विचारा, दोनपैकी एक नाव त्याचं असू द्या. पुरस्कारांच्या याद्या बघायच्या असतील तर विजेत्यापाशी थांबू नका, लाँगलिस्ट, म्हणजे पहिल्या फेरीतली लांब यादी बघा, आपल्या आवडीचं बहुतेक तिथे मागे कुठेतरी उभं असतं. भाषांतरं वाचत असाल तर अनुवादकाचं नाव लक्षात ठेवायची सवय लावा. इंटरनॅशनल बुकर पुरस्कार २०१६ पासून दरवर्षी एका अनुवादित पुस्तकाला देतात आणि त्याची रक्कम लेखक आणि अनुवादकात निम्मी निम्मी वाटली जाते, आणि बरोबरच आहे ते, कारण वाचताना आपल्या कानात आवाज अनुवादकाचाच असतो. एखाद्याचा अनुवाद आवडला तर त्याने आणखी काय अनुवादित केलंय ते शोधा, हा माझ्या माहितीतला नवा लेखक सापडायचा सगळ्यात भरवशाचा रस्ता.

ठोकळ्यांबद्दल थोडं वेगळं. वर्षाला एकच घ्या. नऊशे पानं म्हणजे रोज दहा पानं, तीन महिने. दहा पानं वीस मिनिटांत होतात, त्यामुळे ते एवढं भयंकर नाही, पण मध्ये चार दिवस गेले की पात्रं विसरतात आणि मग परत मागे जावं लागतं, म्हणून तुमच्या धावपळीच्या महिन्यांत ते सुरू करू नका. पहिल्या पानाच्या आत एक कागद ठेवा, त्यावर कोण कुणाचा कोण हे लिहीत जा. सोबत एखादं हलकं पुस्तक चालू असू द्या, रात्री डोकं चालत नाही तेव्हासाठी. एका वेळी दोन, बस्स, तिसरं उघडलं की पहिलं मेलंच म्हणून समजा.

त्या चार रिकाम्या जागांपैकी एक मात्र परत वाचायच्या पुस्तकाला द्याच. दहा वर्षांपूर्वी आवडलेलं आज परत वाचलं की पुस्तकापेक्षा आपणच किती बदललो ते दिसतं, आणि कधीकधी पुस्तक फारच किरकोळ निघतं, तेही कळलेलं बरं. कविता बजेटमध्ये धरू नका, कवितेची पानं मोजणं म्हणजे अगदीच वाण्याचा हिशोब, संग्रह हाताशी असू द्या आणि दिवसाला एक-दोन वाचा. नाटक मात्र एका बैठकीत वाचायचं ठरवा, तुकड्या-तुकड्यात त्याची मजा जाते. ऑडिओबुक चालतं का? चालतं की. साधारण तीनशे पानांचं पुस्तक ऐकायला नऊ-दहा तास लागतात, त्याचा वेळ वेगळ्या खात्यातून येतो, म्हणजे चालताना, भांडी घासताना, त्यामुळे ते ३००० च्या बाहेर ठेवा. आकृत्या आणि तक्ते असलेलं पुस्तक मात्र कानाने वाचू नका, मी प्रयत्न केलाय, डोकं धरून बसायची वेळ येते.

यादीत नाव आलं म्हणून पुस्तक संपवायलाच हवं असं नाही, आणि हे यादी करतानाच ठरवून ठेवा नाहीतर एका रटाळ पुस्तकामागे सगळं वर्ष अडकतं. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांचा नियम आहे की पन्नास पानं द्या, नाही जमलं तर सोडा, आणि तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, जे उरेल तेवढीच पानं द्या. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी छत्तीस पानं पुरे, वय वाढेल तशी सवलत वाढते, किती गोड नियम आहे! फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी तर १९९२ साली वाचकाचे दहा हक्कच मांडले, त्यातला पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. मी फक्त एक गोष्ट करते, सोडलेल्या पुस्तकासमोर कारण लिहिते. ‘भाषांतर कृत्रिम’, ‘आत्ता मूड नाही’, ‘लेखक फार शिकवतोय’. ‘आत्ता मूड नाही’वाली दोन वर्षांनी परत काढते, बाकीच्यांना रामराम.

हे सगळं लिहायचं कुठे? वही, स्प्रेडशीट, फोनमधली नोट, काहीही चालेल, ॲप निवडण्यात संध्याकाळ घालवू नका, तो पण न वाचण्याचाच एक प्रकार आहे. रकाने एवढेच: नाव, पानं, का वाचायचंय, कधी सुरू, संपलं की सोडलं. त्यातला ‘का’ हा रकाना टाळू नका. सहा महिन्यांनी यादीत एखादं नाव दिसतं आणि हे आपण का लिहिलं होतं तेच आठवत नाही, मग आपण ते टाळतो आणि टाळलं म्हणून अपराधी वाटून घेतो. शेजारी ‘मामाने सांगितलं, तुरुंगातला भाग अप्रतिम आहे’ एवढं लिहिलेलं असलं की परत भूक लागते. आणि लिहिताना कारण सुचलंच नाही, किंवा ‘सगळे वाचतायत’ एवढंच सुचलं, तर नाव तिथल्या तिथे खोडा.

महिन्याप्रमाणे पुस्तकं वाटून देऊ नका, मार्चमध्ये काय वाचावंसं वाटेल हे डिसेंबरात कुणालाच कळत नाही. मी फक्त दोन गोष्टींची वेळ ठरवते, ठोकळा कधी आणि ते तीन पुस्तकांचं त्रिकूट कधी, बाकी मोकळं. मार्च, जून आणि सप्टेंबर संपताना दहा मिनिटं बसा आणि पानं मोजा. तीन महिन्यांत साडेसातशेच्या आसपास असाल तर ठीक. चारशेच झाली असतील तर वेग वाढवायच्या फंदात पडू नका, यादीतून एक-दोन नावं काढा. आणि हजार झाली असतील तर पाचव्या रिकाम्या ओळीची सोय करा, नवीन आठ नावं लिहायला बसू नका, कारण पुढची तिमाही अशीच जाईल याची काही खात्री नाही.

वाचनालयातून पुस्तक आणत असाल तर यादीतलं आणि परतीची तारीख असलेलं असं एक कायम घरात असू द्या, माझ्यासारख्या आळशी माणसाला तारखेइतकं दुसरं काही हलवत नाही.

सुरुवात कशाने करायची? यादीतल्या सगळ्यात पातळ पुस्तकाने. सव्वाशे-दीडशे पानांचं काहीतरी, जे दहा-बारा दिवसांत संपेल. जानेवारीत ठोकळा उघडला की वही कपाटात जाते, अनुभवाचे बोल. आणि आत्ता, यादी करताना, एखादं पुस्तक अर्धं वाचून झालेलं असेल तर ते घाईघाईने ३१ डिसेंबरच्या आत संपवू नका. खूण आहे तिथेच राहू दे, उरलेली पानं मोजा आणि नव्या वर्षाच्या पहिल्या ओळीवर तेच लिहा.